पाण्याखालच्या बंधाऱ्यांवरून: राजाराम ते खडक कोगे, ग्रॅव्हल सायकलवर

जुलै उजाडला की कोल्हापूरच्या पेपरात रोज एक यादी छापून येते. पाण्याखाली गेलेले बंधारे. पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, कासारीवरचे यवलूज, बाजारभोगाव, तुळशीवरचा बीड, भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका. ही नावं इथल्या माणसाला पाठ असतात, पण त्यातले निम्मे बंधारे प्रत्यक्ष कुठं आहेत ते शहरातल्या फार कमी जणांना सांगता येईल. मलाही येत नव्हतं. म्हणून जानेवारीत, पाणी उतरलेलं असताना, त्या यादीवरूनच सायकलचा रस्ता आखला. पंचगंगेच्या प्रत्येक उपनदीला निदान एका बंधाऱ्यावरून ओलांडायचं, आणि डांबरावर नाइलाज असेल तेव्हाच चढायचं, एवढंच ठरवलं. सोबत एक मित्र. त्याला फक्त जेवण वेळेवर हवं असतं.

सायकलींबद्दल थोडं. ग्रॅव्हल सायकल म्हणजे वळलेल्या हँडलची, रोड बाइकसारखीच दिसणारी, पण जाड टायरची. आमचे टायर 40 मिलिमीटरचे, ट्यूबलेस, आत सीलंट, म्हणजे टायरला भोक पडलं की ते आतूनच बुजवणारं द्रावण. आपल्याकडं सीलंट हवंच, कारण खरा शत्रू खडी नाही, बाभळीचा काटा आहे. ग्रॅव्हलचे परदेशी व्हिडिओ बघावेत तर नदीचं खोरं, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि मधून पांढरा रस्ता. आपल्याला द्राक्षं बघायची तर तासगावकडं जावं लागतं; इकडच्या पावसात द्राक्षबाग उभी करणं म्हणजे कर्ज मागून घेणं. इथं ऊस. आणि पांढऱ्या रस्त्याच्या जागी पाणंद, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट.

पहिला दिवस: राजाराम बंधारा, प्रयाग, पन्हाळा

कसबा बावड्यातून राजाराम बंधाऱ्यावर आलो तेव्हा नदीवर धुकं होतं आणि वडणग्याकडून दुधाच्या किटल्या बांधलेल्या मोटारसायकली शहरात चालल्या होत्या. कोल्हापुरी बंधारा असतो साधा. ओळीनं दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे, बरग्यांच्या दोन ओळींमध्ये माती भरायची, नदी अडते. पाऊस तोंडावर आला की बरगे काढायचे, नदी मोकळी. पुराचं पाणी खांबांच्या मधून जातं, वाढलं की वरूनही जातं. बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी वाचून बाहेरच्या माणसाला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. तो बांधलायच बुडण्यासाठी. पूर ओसरला की गाळ झाडून लोक परत त्याच्यावरून जायला लागतात.

वडणगे मागं टाकून प्रयाग चिखलीत आलो. 2019 आणि 2021 च्या महापुरात ही गावं पाण्यानं वेढली होती. काही घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसते, आमच्या डोक्याच्या वर. संगमावर दत्ताचं देऊळ आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा, हे शाळेत घोकलेलं असतं. इथं उभं राहून मोजायला गेलं तर पाच सोडा, प्रवाह दोनच दिसतात: एक कासारी, दुसरी भोगावती. कुंभी आणि तुळशी वरच भोगावतीत मिसळून आलेल्या असतात. मित्र म्हणाला, "म्हणजे बाकीच्या वरच जाऊन बघायच्या." तेच ठरलं होतं, पण त्यानं ते असं सांगितलं की बेत जणू त्याचाच.

चिखलीपासून कासारीच्या काठानं पोर्ल्याकडं पाणंदी धरल्या. दोन्हीकडं डोक्यापेक्षा उंच ऊस, मधे ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि चाकोरीत घोट्याइतका फुफाटा. फुफाट्यात पुढचं चाक वळवायचं नाही, नुसतं पायडल मारत राहायचं. ब्रेक दाबला की संपलं. तोडणी चालू होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या फडात होत्या, बायका मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवत होत्या, अरुंद फळीवरून, वर बघतसुद्धा नव्हत्या. एका वळणावर समोरून जोडट्रॉली आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही, नुसता वाकून म्हणाला, "पावणं, फडात शिरा. चाक सरकलं तर अर्धा टन अंगावर यील." आम्ही सायकली उचलून उसात शिरलो. पाचटाच्या धारेनं हाताला ओरखडे आले ते घरी जाईपर्यंत चुणचुणत होते. लांब बाह्या घाला, उन्हासाठी नव्हे, उसासाठी.

यवलूजचा बंधारा जाऊन-येऊन पार केला आणि कासारीच्या नावापुढं खूण केली. वरच्या अंगाला पाणी काठोकाठ थोपलेलं, काठावर पाणी उपसायच्या, विहिरींसारख्या जॅकवेल आणि पाइप. खालच्या अंगाला खडक उघडे, त्यावर धुणं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सायकलभोवती एक चक्कर मारली आणि सगळे विचारतात तेच विचारलं: केवढ्याची? मित्राचं उत्तर ठरलेलं आहे, "भाड्याची हाय." त्यानं पुढचे प्रश्न वाचतात.

पन्हाळ्याची चढण मात्र डांबरावरून घेतली. कोल्हापूर साधारण 1800 फुटांवर, पन्हाळा 3100 च्या आसपास. सामान लादलेली सायकल शेवटच्या वळणांवर चालण्याच्याच वेगानं जाते. गडावर झुणका-भाकर, मडक्यातलं दही, आणि भाकरी करणाऱ्या मावशींचा आग्रह. पुढचा दिवस चढणीचा असल्याचं सांगितलं तर त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

उजेड होता तोवर अंबरखान्यात जाऊन आलो. 2025 च्या जुलैत पन्हाळा इतर मराठा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळं सेल्फी काढणारे वाढलेत. अंबरखान्यात तरी अजून निवांत असतं. धान्याची तीन प्रचंड कोठारं, त्यांची नावं गंगा, यमुना, सरस्वती. दिवसभर जी गुप्त म्हणून सापडली नव्हती ती इथं जाड भिंतींची उभी. आत वटवाघळं.

दुसरा दिवस: मसाई पठार आणि कासारीचं खोरं

या सगळ्या फेरीतला सायकलचा खरा दिवस हाच.

पन्हाळ्याहून म्हाळुंग्याच्या अंगानं मसाई पठाराकडं निघालं की थोड्या वेळात डांबर संपतं आणि मग मैलोन्मैल सपाटी. एकच पठार म्हणायचं, पण मधल्या घळींनी त्याचे अनेक तुकडे पडलेत. एक संपलं की थोडं उतरायचं, थोडं चढायचं, की दुसरं समोर. खाली जांभा दगड. पावसाळ्यात इथं पाण्याची डबकी आणि रानफुलं असतात, गर्दीही तेव्हाच. जानेवारीत गवत पिवळं, जांभा उघडा आणि माणूस नाही. जांभ्यावर सायकल चालवणं वेगळंच असतं. लांबून फरसबंदीसारखा दिसतो, जवळ गेलं की सगळ्या अंगाला भोकं. टायरची हवा 35 पीएसआयवर आणली तेव्हा कुठं मनगटं शांत झाली. वारा पश्चिमेकडून, अंगावर. सपाटीवर सायकल ढकलल्यासारखी चालवावी लागत होती, आणि तरी दोघंही काही न बोलता हसत होतो.

हीच वाट 1660 च्या जुलैत शिवाजी महाराजांनी रात्री, पावसात, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं जाताना घेतली. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा दर पावसाळ्यात याच पठारावरून जातात, हजारो पोरं चिखल तुडवत. कोरड्या दिवसात, उजेडात, गिअरच्या सायकलवर जाताना त्या रात्रीची कल्पना करायला गेलो तर ती काही येईना. पालखी, सहाशे माणसं, पायाखाली हाच भोकाभोकांचा जांभा, पण ओला. एवढं मनात आणलं आणि गप्प पुढं गेलो.

मसाई देवीच्या देवळापाशी डबा खाल्ला. पुजारी नव्हते, दोन कुत्री होती. चपातीत त्यांचा वाटा न मागता ठरला. पांडवदऱ्याच्या लेण्यांकडं उतरायचा मोह होता, पण सायकली कुणाच्या भरवशावर सोडणार, म्हणून वरूनच बघून पुढं निघालो.

पठारावरून कासारीच्या खोऱ्यात उतरणारी वाट सायकलची नव्हे, गुरांची आहे. सुटे दगड, करवंदीच्या जाळ्या. सायकल खांद्यावर घेऊन उतरावं लागलं. मित्राला विचारलं तर तो म्हणेल अर्धा दिवस. मी म्हणेन तासभर. मधे एका धनगरवाड्यावर ताक मिळालं. पैसे घेईनात. "आमच्याकडं ताकाचं पैसं घेत्यात व्हय?" त्या घरातल्या आजींनी उलट विचारलं, की एवढी रस्त्यानं जायची सोय सोडून डोंगरातनं कशाला आलासा. याचं नीट उत्तर आम्हाला अजून सुचलेलं नाही.

खाली कासारीचं खोरं वेगळं आहे. पोर्ल्याजवळ पाहिलेली रुंद, संथ नदी इथं दगडांतून वाजत जाते. ऊस आहेच, पण तुकड्या-तुकड्यात, मधे भाताची कापून झालेली खाचरं. खाचरांच्या बांधावरून सायकल नेता येते, फक्त बांध फुटला तर शिव्या खाव्या लागतात, त्या रास्त असतात. बाजारभोगावचा बंधारा ओलांडला, चहा-भजी खाल्ली आणि कुंभीच्या खोऱ्यात, कळ्याकडं, डांबरानंच गेलो, कारण अंधार पडायला लागला होता. रात्री ओळखीच्या घरी मुक्काम, तांबडा-पांढरा रस्सा, आणि जेवल्यावर घरातल्या काकांकडून तासभर उसाचं पुराण. 86032 ही जात का लावली, 265 या जातीला वजन का जास्त, कारखाना त्याला नाकं का मुरडतो, खोडवा, म्हणजे तोडल्यावर परत फुटलेला ऊस, किती वर्षं ठेवावा. मी लक्ष देऊन ऐकलं. मित्र बसल्या जागी झोपला.

तिसरा दिवस: कुंभी, धामणी, तुळशी

कळ्याचा बंधारा सकाळीच ओलांडून कुंभी उरकली. उरकली हा शब्द नदीला बरा नाही, पण त्या सकाळी थंडी अशी होती की बोटं ब्रेकवर दाबली जात नव्हती, थांबून बघायचा प्रश्नच नव्हता.

मग धामणीचं खोरं. ही कुंभीला मिळणारी नदी, पाचांत तिचं नाव नाही. सुळे, पनोरे, गवशी, म्हासुर्ली अशी गावं मागं पडत डोंगर जवळ येतात आणि खोरं चिंचोळं होतं. धामणीवरच्या धरणाचं काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि त्या काळात इथले गावकरी हिवाळ्यात वर्गणी काढून नदीत मातीचे बंधारे घालून पाणी अडवत आले. पुढच्या पावसाळ्यात ते वाहून जायचे, पुन्हा वर्गणी. पंचगंगेच्या काठावर राहून पाणी म्हणजे फक्त पूर असं डोक्यात बसलेलं असतं. धामणीकाठी उन्हाळ्याची गोष्ट निघते. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणारं गाव मार्चपासून पाण्याची वाट बघत आलं, हे नकाशावर कळत नाही.

म्हासुर्लीहून धामोडकडं चढताना रस्त्याचं काम चालू होतं. ताजी पसरलेली खडी, अजून रोलर न फिरलेली. नावाला हेच ग्रॅव्हल, पण असल्या मुठीएवढ्या खडीवर कुठलीच सायकल चालत नाही. उतरून ढकललं. घाटमाथ्यावरून धामोडचं तुळशी धरण एकदम खाली दिसलं. उतार लालमातीचा, मोठा आणि मोकळा, तिथं मात्र दोघांनी ब्रेक सोडले. खाली आल्यावर दात लाल झाले होते.

तुळशी आणि भोगावतीच्या मधली धार ओलांडून कसबा तारळ्याला भोगावतीचा काठ धरला आणि राधानगरीकडं वळलो. संध्याकाळी इकडं सावकाश जावं. राधानगरी अभयारण्य 1958 चं, राज्यातलं सगळ्यात जुनं, गव्यांसाठी ओळखलं जाणारं, आणि गव्यांना अभयारण्याची हद्द दाखवलेली नाही. ते उसात उतरतात. आम्हाला एक दिसला. रस्त्यापासून पन्नास पावलांवर, बांधावर, पाठ आमच्याकडं. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. आम्ही थांबलो, तो थांबलेलाच होता. मागून आलेल्या दुधाच्या टेंपोनं दिवे बारीक केले, आमच्या शेजारी गाडी बंद करून ड्रायव्हरही बसून राहिला. गवा उसात शिरल्यावर तो म्हणाला, "आता जावा, पर बोलत जावा. आवाज पायजे." राधानगरी येईपर्यंत मित्रानं मोठ्यांदा पाढे म्हटले.

चौथा दिवस: भोगावतीकाठानं खाली

राधानगरी हे नाव शाहू महाराजांच्या कन्येचं, राधाबाईंचं. धरणही महाराजांचंच. त्यांनी काम सुरू केलं, पण ते त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की ते माणसाच्या हाताशिवाय आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून 1428 क्युसेक. खाली कोल्हापुरात "राधानगरीचे दरवाजे उघडले" अशी बातमी आली की लोक माळ्यावर सामान चढवायला लागतात. जानेवारीत दरवाजे बंद आणि वीजघरातून सुटलेलं पाणी नदीत, स्वच्छ आणि गार. तेच खाली बंधाऱ्या-बंधाऱ्यांत अडतं आणि उसाला जातं. वर धरण, खाली बंधाऱ्यांची माळ, ही सगळी एकच व्यवस्था आहे. गाडीतून गेलं की तिचे तुकडे दिसतात. काठानं उतरलं की ती सलग कळते, कारण प्रत्येक बंधाऱ्याच्या मागं पाणी थोपलेलं आणि पुढं खडक, मग परत पाणी.

शिरगाव, राशिवडे. काठाच्या पाणंदींना या भागात बऱ्याच ठिकाणी मुरूम टाकलाय, चाक छान धरतं. राशिवड्याच्या बंधाऱ्यावर समोरून बैलगाडी आल्यामुळं आम्ही मागं सरलो. बैल मागं सरत नाहीत.

त्यानंतर एका गुऱ्हाळानं आमचा निम्मा दिवस खाल्ला. लांबूनच चिपाडाचा धूर आणि वास येतो, पुढं जाणं शक्यच नसतं. चरकातून रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं. उसाचंच सरपण, त्यामुळं जळण विकत आणायला नको. रस तापला की त्यात भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात. मळी वर येते, ती झारीनं काढायची, परत यायची, परत काढायची. रंग पिवळ्याकडून तांबूस होत जातो, बुडबुडे मोठे होतात. मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पुढं येतो. तोवर तो कोपऱ्यात विडी ओढत बसला होता आणि आमच्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. त्यानं थोडा पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळली, आणि हात वर केला. एका क्षणात सगळे धावले. काहील ओढून वाफ्यात ओतली. जरा उशीर झाला तर गूळ करपट, लवकर उतरवला तर तो घट्ट धरत नाही. थर्मामीटर आहे का विचारलं. तो म्हणाला, "हाय की," आणि बोटं दाखवली.

टनभर उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि मोठं गिऱ्हाईक गुजरात. त्या बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो. पिवळेपणासाठी काहिलीत काय काय पडतं त्याबद्दल इथं कुणी मोकळेपणानं बोलत नाही. माझं मत विचाराल तर तांबूस, जरा मळकट दिसणारा घ्यावा. आम्हाला मिळाला तो तसाच होता, कोमट, चिपाडावर घेऊन चाटायला. शिवाय बाटलीभर काकवी, म्हणजे गूळ घट्ट होण्याआधीचा पातळ पाक. सायकलच्या बाटलीच्या खोबणीत पाण्याऐवजी काकवी घेऊन उरलेला रस्ता कापला. गुऱ्हाळं कमी होत चाललीत. गुळव्या तयार व्हायला वर्षं लागतात आणि कारखान्याला ऊस घालून बिलाची वाट बघणं सोपं पडतं, असं मालकांचं म्हणणं. त्यांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे.

बीडच्या बंधाऱ्यावरून तुळशी ओलांडली. कसबा बीड शिलाहार राजांच्या काळचं, गावात जागोजाग वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड. पावसानंतर इथं शेतात आणि घरांच्या आसपास सोन्याची बारकी नाणी सापडतात, त्यांना बेडे म्हणतात. आम्ही भर जानेवारीत, पाऊस नसताना, तरी मित्र चालताना खालीच बघत होता.

शेवटचा बंधारा खडक कोगे. नावाप्रमाणंच, खाली सगळा खडक, पाणी त्यावरून पातळ पसरलेलं, आणि पोरं त्यात उड्या मारतायत. बंधाऱ्यावर थांबून टायर बघितले. मागच्या चाकात बाभळीचे काटे, सगळे सीलंटनं बुजवलेले. वाटेत उपटायचे नाहीत, घरी जाऊन उपटायचे.

पुढं बालिंगा, फुलेवाडी, रंकाळा. उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून शहरात आलो.

कुणाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. त्याआधी पाणंदी ओल्या असतात आणि चाकाला काळी माती चिकटून फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, जॅम होतो. मार्चमध्ये कारखाने आणि गुऱ्हाळं बंद व्हायला लागतात, रस्ते रिकामे मिळतात, पण काकवी मिळत नाही. मे-जूनमध्ये बरगे काढायचं काम चालू असेल तर बंधाऱ्यावर मधे थांबू नका, कामगारांच्या वाटेत येता. एक जादा टायर, दोन सीलंटच्या बाटल्या आणि लांब बाह्यांचा सदरा बरोबर ठेवा. आणि किंमत कुणी विचारली तर सायकल भाड्याची आहे.